पालखीसाठी सुपर ओव्हर

गेली पंचवीसेक वर्षं मी लोकांना धक्के देऊन पोट भरतो. गैरसमज नको, मी वायरमन नाही. मी क्विझ घेतो. सोसायट्यांचे गणपती, बँकांचे वर्धापनदिन, ज्येष्ठ नागरिकांची कोजागिरी, एकदा तर खांदा कॉलनीतलं एक बारसं. थोडक्यात, जिथे माणसं खुर्च्यांवर बसलेली असतात आणि जेवण अजून यायचं असतं, तिथे मला बोलावतात. नवीन पनवेलच्या माझ्या घराच्या दारावर नावाखाली 'प्रश्नमंजुषा' असं लिहिलंय. एक कुरिअरवाला कितीतरी दिवस "मंजुषाताईंना द्या" म्हणून पाकिटं देऊन जात असे. मीही ती ताईंच्या वतीने सही करून घेत असे.

या धंद्यातलं मर्म सांगतो, फुकट. अमक्या देशाची राजधानी कोणती, असले प्रश्न विचारायचे नाहीत. ज्याला येतं तो शेफारतो, ज्याला येत नाही तो जांभई देतो. चांगल्या प्रश्नाचं उत्तर ऐकून माणूस आधी "शक्यच नाही" म्हणाला पाहिजे, आणि मग शेजारच्याचा दंड धरून "खरंच की काय?" म्हणाला पाहिजे. उदाहरणार्थ, आपल्याकडच्या पहिल्या मोठ्या मूकपटाची नायिका आधी काय काम करत होती? उत्तर: खानावळीत आचारी होती. होता. कारण पडद्यावर यायला बाई मिळेना, म्हणून एका आचाऱ्याला लुगडं नेसवलं होतं. हे ऐकून आमच्या कॉलनीतले एक निवृत्त साहेब ताडकन उठले आणि "असलं काही नसतं" म्हणून घरी निघून गेले. पुढच्या गणपतीला तेच माझ्या कानाशी लागले, "तो आचाऱ्याचा प्रश्न यंदा परत घ्या हो. आमचे व्याही आलेत. त्यांना बसू दे."

तर असा मी. धक्का देणारा. पण आज सांगतोय तो प्रसंग मला बसलेल्या धक्क्यांचा आहे, आणि एका संध्याकाळी ते इतके बसले की मी अजून मोजलेले नाहीत.

वैशाली पाटील नावाची एक शिक्षिका एका रविवारी घरी आली. तिच्या शाळेत मी कधीतरी क्विझ घेतली होती. खुर्चीच्या कडेवर बसून म्हणाली, "सर, आमच्या गावात फायनल घ्यायची आहे. दोनच टीम. विषय इतिहास, साहित्य, खेळ, सिनेमा, काहीही चालेल. पण निकाल लागला पाहिजे."

"बक्षीस काय ठेवलंय?"

"पालखीचा पहिला खांदा."

मी हसलो. ती हसली नाही.

तिचं गाव जासईच्या पुढे, कंटेनरच्या डोंगरांच्या मधोमध. गावाचं नाव सांगत नाही, मला तिथे पुन्हा जायचं असतं. गावात दोन आळ्या, वरली आणि खालची. गावदेवीच्या जत्रेला पालखी निघते, तेव्हा पहिला खांदा कुणी द्यायचा हे आजे-पणजांपासून रस्सीखेच करून ठरायचं. जी आळी जिंकेल तिचा मान. काही वर्षांपूर्वीच्या जत्रेत खालच्या आळीने जीव खाऊन दोर ओढला, पण तो बोटभरही हलेना. शेवटी एकाने गर्दीतून मागे जाऊन पाहिलं, तर दोराचं दुसरं टोक एका ट्रेलरच्या हुकाला.

"ट्रेलरला?" मी विचारलं.

"चाळीस फुटी. मालाने भरलेला. मालक म्हणाले, दोर आपोआप अडकला." वैशालीने ओठ आवळले. "आपोआप दोन गाठी पडल्या होत्या, सर."

मग जे व्हायचं ते झालं. डोकी फुटली, पोलीस आले आणि रस्सीखेच बंद झाली. रस्सीखेच नाही म्हणून मान ठरेना, मान ठरेना म्हणून पालखी देवळाबाहेर निघेना. दोन्ही आळ्यांचं येणं-जाणं तुटलं. लग्नाची पत्रिकासुद्धा जाईना.

"ट्रेलरवाले रोहिदास शेठ माझे सख्खे भाऊ," वैशाली म्हणाली. "आणि ट्रेलरखाली वाकून गाठी बघितल्या ते हसुराम पाटील माझे सासरे."

म्हणजे माहेर वरल्या आळीत, सासर खालच्या आळीत. मामांनी, म्हणजे सासऱ्यांनी, देवळासमोर शब्द टाकला होता की पालखी निघेपर्यंत आमच्या घरातलं कुणी त्या आळीत पाय ठेवणार नाही. भावानेही तसाच शब्द टाकला होता. दोघांचे शब्द मोठे, मधे ही.

"आमच्या गच्चीवरून आईचं अंगण दिसतं. तिची साडी दोरीवर वाळत दिसली की समजते, उठून बसलीय. फोन करते मी, पण फोनवर ती सगळं छान आहे एवढंच सांगते. माझी धाकटी आजीला फक्त मोबाइलमध्ये ओळखते." मग ती कामावर आली. "मीच गावच्या मीटिंगला निरोप पाठवला की हातपाय नकोत, डोक्याने खेळा. दोघंही लगेच तयार झाले."

"एवढे समजूतदार?"

"नाही हो. दोघांनाही वाटतं, समोरच्यांना डोकंच नाही."

मी होकार दिला. दोन खुर्च्या, एक टेबल आणि घंटा लागेल, असं सांगितलं.

जत्रेच्या दिवशी उन्हं कलताना गावात पोहोचलो आणि रिक्षातून उतरून तसाच उभा राहिलो. देवळामागच्या मैदानावर चुन्याने बाउंड्री आखली होती. मधोमध मॅट. एका बाजूला डीजे, वर ड्रोन. वेशीवर भला मोठा बॅनर, त्यावर दोन्ही संघांचे खेळाडू हाताची घडी घालून, काळे गॉगल लावून, छातीवर संघमालकांची, म्हणजे रोहिदास शेठ आणि हसुराम पाटलांची नावं. गावाने आजवर क्रिकेटशिवाय दुसरी स्पर्धा भरवलीच नव्हती. स्पर्धा म्हटल्यावर त्यांनी हात सवयीने चालवले होते.

"सर, आलाव?" पांढऱ्या टोपीतला एक इसम माइक घेऊन धावत आला. तो बाळाराम, पंचक्रोशीतला नामांकित समालोचक. "कोन्त्या एंडनं टाकनार?"

"काय टाकणार?"

"प्रश्न वो. देवलाच्या एंडनं टाकलाव तं ऊन डोल्यावं येल."

नियमही ठरवून टाकले होते. प्रत्येक संघाला पाच ओव्हर, म्हणजे तीस प्रश्न. पर्याय न घेता बरोबर उत्तर दिलं तर षटकार, पर्याय घेऊन दिलं तर चौकार. चुकलं तर विकेट. अतिअवघड प्रश्न वाइड. वाइड ठरवायला दोन अंपायर, एकेका आळीचा एकेक. आणि संघात, हा पुढचा धक्का, गावातला एकही माणूस नव्हता. दोन्ही मालकांनी क्रिकेटच्या रिवाजाप्रमाणे बाहेरून प्लेअर आणले होते. स्पर्धा परीक्षांच्या क्लासमधली मुलं, चष्मे लावलेली, जर्सीत बुडालेली. त्यातला एक लातूरहून आला होता आणि त्याच्या नावापुढे 'आयकॉन', म्हणजे संघाचा हुकमी एक्का, असं लिहिलं होतं. तो बिचारा मला हळूच म्हणाला, "सर, चालू घडामोडी विचारणार ना?"

वैशाली बाउंड्रीजवळच्या टेबलावर स्कोअर लिहायला बसली होती. तिच्यावर दोन्ही आळ्यांचा विश्वास होता, कारण दोन्हीकडून तिचा तोटाच होता. तिच्या डावीकडे रोहिदास शेठ, गळ्यात बोटाएवढी जाड चेन. उजवीकडे हसुराम पाटील, मांडीवर काठी आडवी. दोघं एकमेकांकडे न बघता एकाच मैदानाकडे बघत होते.

आता मी रंगमंचाचा माणूस. घाबरलो असलो तरी माइक हातात आला की माझ्या अंगात येतं. मी चक्क चार पावलं धावत जाऊन पहिला प्रश्न टाकला.

"निकाल लागेपर्यंत खेळायचंच, असं ठरवून सुरू झालेला एक कसोटी सामना दहा दिवस चालूनही निकालाशिवाय सोडावा लागला. का?"

वरल्या आळीच्या पोराने जर्सी सावरली. "पाहुण्या संघाची बोट सुटणार होती."

षटकार. डीजे दणाणला. गर्दीत सगळे बंदरावरचे, यार्डावरचे, बोटींच्या वेळा पाठ असलेले लोक. त्यांनी अशी काही मान डोलावली की जणू ती बोट त्यांनीच भरली होती. बाळाराम माइकवर सुटला होता, "सरांनी फुल टाकला, आनि पोरानं देवलाचे कलसावरनं भिरकावला हो."

मग खालची आळी. "ऑलिंपिकमध्ये एकेकाळी धावण्या-पोहण्याबरोबर आणखी कशासाठी पदकं देत? एक सांगा." मुलाने पर्याय मागितले, मी दिले, आणि त्याने डोळे मिटून "कविता" म्हटलं. चौकार. एवढा वेळ गप्प असलेले हसुराम पाटील काठी टेकून उभे राहिले.

"कविता? पदक?"

"हो. कविता, चित्रं, संगीत, शिल्प, इमारतींचे नकाशे, सगळ्याला."

"मंग आमचा भजनी मंडल कनाला नाय पाठवला कुनी?" ते वैतागून खाली बसले. पलीकडच्या रोहिदास शेठना हसू आलं होतं, त्यांनी ते चेनमध्ये दाबलं.

जगातलं सगळ्यात छोटं युद्ध पाऊण तासाच्या आत आटोपलं, हे मी सांगितलं तेव्हा स्कोअर लिहिणाऱ्या वैशालीने मान वर न करता, पण माइकला ऐकू जाईल अशा बेताने म्हटलं, "त्यांच्यात शब्द टाकनारे नसतील." शाळेत शुद्ध बोलणारी वैशाली इथे तिच्या भाषेत बोलली होती. दोन्ही बाजूंच्या बायकांत खसखस पिकली. भाऊ आणि सासरे, दोघांनीही एकाच वेळी घसा साफ केला.

खेळ रंगत गेला. वाइडवरून दोनदा अंपायर एकमेकांच्या अंगावर गेले. आचाऱ्याच्या प्रश्नावर लातूरचा आयकॉन बाद झाला आणि पॅव्हेलियनकडे, म्हणजे शाळेच्या व्हरांड्याकडे, डोळे पुसत गेला. आणि शेवटच्या चेंडूवर स्कोअर सारखा झाला.

बाळाराम कुजबुजल्यासारखा म्हणाला, "सुपर ओव्हर." माइकवर कुजबूज सगळ्या गावाला ऐकू आली.

बरोबरीसाठी माझ्या खिशात एक पाकीट असतं. त्यात कुणालाच येणार नाहीत असे प्रश्न असतात, म्हणजे ज्याचा अंदाज लागेल तो जिंकेल. ते पाकीट मी वर्षानुवर्षं सगळीकडे नेतो. मी चिठ्ठी काढली आणि त्याच नाटकी आवाजात वाचायला लागलो. वाचता वाचता माझ्या लक्षात आलं की मी काय वाचतोय, पण आवाज माझ्या पुढे निघून गेला होता.

"एकोणीसशे सालच्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये रस्सीखेचीचं सुवर्णपदक कोणत्या देशाने जिंकलं?"

डीजेवाल्याने हात बटणावरून काढला. आईसफ्रूटवाल्याची घंटा थांबली. त्या गावात तो शब्द इतक्या वर्षांत माइकवर कुणी उच्चारला नव्हता. वैशाली माझ्याकडे अशी बघत होती की जणू मी तिच्या आईच्या अंगणात ट्रॅक्टर घातला होता.

मुलांनी पाट्यांवर उत्तरं लिहून वर धरली. वरली आळी: इंग्लंड. खालची आळी: अमेरिका.

"दोन्ही चूक," मी म्हणालो, आणि पुढचं वाक्य न बोलण्याचा काही मार्ग नव्हता. "कुठल्याच एका देशाने नाही. डेन्मार्क आणि स्वीडनचा मिळून एक संघ होता. थोडे यांचे, थोडे त्यांचे."

आधी कुणाला समजलंच नाही. मग एकदम समजलं.

"खोटा बोलतंय," वरल्या आळीतून आवाज आला.

"ऑलिंपिकला कदी रस्सी असतं काय?" खालच्या आळीतून साथ मिळाली.

"दोन आल्यांची एक टीम कशी व्हईल? कोन्ता नियम?"

"सरांना कुनीतरी फोडलाय."

"तुमीच फोडला असंल."

"आमी फोडला असता तं आमी जिंकलो नसतो?"

"त्या पन खराच हाय."

हे शेवटचं वाक्य हसुराम पाटलांचं होतं आणि ते रोहिदास शेठना उद्देशून होतं. दोघांनाही ते जरा उशिरा लक्षात आलं. पण तोवर दोन्ही आळ्या चुन्याची रेघ ओलांडून मॅटवर आल्या होत्या आणि मी मधे होतो. इतक्या वर्षांत या गावाचं एका गोष्टीवर पहिल्यांदा एकमत झालं होतं, की मी लबाड आहे.

"मोबाइलवर बघा," मी ओरडलो. शंभरेक मोबाइल एकदम निघाले आणि अर्थात नेटवर्क बसलं. ती काही मिनिटं मी देवळाच्या कळसाकडे बघून काढली. शेवटी लातूरच्या आयकॉनच्या फोनवर चाक फिरायचं थांबलं. त्याने वाचून दाखवलं. खरं होतं. उलट मी सांगितलं नव्हतं तेही त्यात होतं. त्या संघातला एक जण खेळाडूच नव्हता. स्पर्धेची बातमी द्यायला आलेला पत्रकार होता, माणूस कमी पडला म्हणून त्यालाही दोराला लावलं.

मग रोहिदास शेठनी विचारलं, "त्यांचे समोर कोन व्हता?"

"फ्रान्स."

"म्हंजे दोगांनी मिलून तिसऱ्याला खेचला."

"हो."

"आपल्याकडं तिसरा कोन हाय?" बाळारामने माइकवर विचारलं. तो साधा समालोचकी प्रश्न होता, त्याच्या मनात काही नव्हतं याची मी शपथ घेतो. पण सगळ्या गावाचे डोळे हळूहळू वळले. आधी जर्सीतल्या मुलांकडे. मग डीजेवाल्याकडे, मंडपवाल्यांकडे, आईसफ्रूटवाल्याकडे. आणि मग माझ्याकडे.

"मी पत्रकार नाही," मी म्हणालो.

"तुमी शेवटाला ऱ्हावा," हसुराम पाटील माझ्या पोटाकडे बघून म्हणाले. "लंगर व्हईल चांगला."

देवळाच्या माळ्यावरून दोर उतरवला. धुळीने पांढरा झालेला, माझ्या मनगटाएवढा जाड. पोलीस पाटील समोरच बसले होते. ते म्हणाले, बंदी दोन आळ्यांमधल्या रस्सीखेचीला होती, पाव्हण्यांना खेचायला नाही, आणि त्यांनी खुर्ची वळवून घेतली. दोर पसरला, तेवढ्यात हसुराम पाटलांनी काठी उचलली.

"थांबा. आदी त्यो ट्रेलर हलवा तितनं."

खरंच, मैदानाच्या टोकाला एक ट्रेलर उभा होता. क्षणभर मला वाटलं, झालं, आता पुन्हा डोकी. रोहिदास शेठ लाल झाले. मग खिशातून किल्ली काढून त्यांनी ती थेट हसुराम पाटलांच्या हातात ठेवली. "तुमीच हलवा, मामा. मी हलवला तं बोलाल, पुढं जाऊन बांदला." बायकांपासून सुरुवात झाली आणि सगळं मैदान हसलं. म्हातारा हसला नाही. त्याने किल्ली मुठीत धरून ठेवली आणि मुलाला ट्रेलर काढायला पाठवलं, किल्ली देताना मात्र त्याची मिशी हलली.

त्यानंतरही दोरावर पुढे कुणी उभं राहायचं यावरून भांडण झालंच. वरलीचे म्हणत आम्ही, खालचीचे म्हणत आम्ही. मग टेबलामागून आवाज आला.

"भाऊ, तुमी दोराचे डाव्या हाताला. मामा, तुमी उजव्या. बाकीचे एक यांचा, एक त्यांचा. आनि पालखीला पन तसाच."

सासऱ्यांना तिने असं उघड कधी सांगितलं नव्हतं, हे मला आजूबाजूच्या वळलेल्या मानांवरून कळलं. हसुराम पाटलांनी तिच्याकडे पाहिलं, काठी तिच्या टेबलावर ठेवली आणि जाऊन उजव्या हाताला उभे राहिले.

रस्सीखेचीबद्दल फारसं सांगण्यासारखं नाही. दोर माझ्या कमरेला होता, पुढे स्पर्धा परीक्षांची मुलं होती आणि शिट्टी वाजली. मी चुन्याची रेघ ओलांडली ती बसून, मॅट ओलांडली ती आडवा होऊन. तोंडात मैदानाची माती गेली. पॅन्टचं काय झालं ते दिवाळी अंकात लिहिता येणार नाही. पाठीवर पडून वर बघितलं, तेव्हा ड्रोन माझ्यावर स्थिर होता आणि बाळाराम रडवेल्या आवाजात समालोचन करत होता.

देवळातून ढोल ऐकू आला. लोक तिकडे धावले. पालखी बाहेर आली तेव्हा पुढच्या दांड्याला डावीकडून जाड चेन होती आणि उजवीकडून पांढरी मिशी. दोघंही अजून एकमेकांकडे बघत नव्हते, पण दांडा एकच असल्यामुळे पावलं जुळवावी लागत होती.

मी धूळ झटकत स्कोअरच्या टेबलाकडे गेलो. खुर्ची रिकामी होती. वहीवर काठी आडवी ठेवलेली. एवढ्यात वरल्या आळीच्या तोंडाशी वैशाली दिसली, कडेवर धाकटी. ती पालखीच्या मागे नव्हती, पुढे होती.

"सर, या," तिने हाक मारली. "तुमाला लागलंय. आईकडे हळद मिळेल."

आईचं घर म्हणजे अंगण, पायरी आणि पायरीवर बसलेली एक बारीक बाई. तिने मुलीला मिठी वगैरे मारली नाही. आधी नातीकडे पाहिलं, तिच्या गालाला बोट लावलं, मोबाइलमधलीच आहे ना याची खात्री करावी तसं. मग माझ्या कोपराकडे पाहून "काय रे देवा" म्हणाली आणि चुलीकडे वळली. आधी हळद आली, मग चहाचं आधण ठेवलं.

"साखर किती घालू?" तिने विचारलं.

मी म्हणालो, "अर्धा चमचा." तिने माझ्याकडे लक्षच दिलं नाही. ती वैशालीला विचारत होती, पोटच्या पोरीला, पाहुणीला विचारावं तशी.

प्रश्न टाकून समोरच्याचा चेहरा बघण्यात माझं अर्धं आयुष्य गेलंय. उत्तर येत नाही तेव्हा माणूस छताकडे बघतो, येतं तेव्हा घाई करतो. वैशाली दोन्ही करेना. ती चुलीतल्या जाळाकडे बघत राहिली. धाकटीने तिच्या बांगड्या ओढल्या, बाहेर ढोल जवळ आला. मी पर्याय दिले नाहीत. घंटाही वाजवली नाही.

शेवटी म्हातारीनेच डब्यातून दोन चमचे घेतले, जरा थांबून वर चिमूटभर टाकली, ढवळून कप पुढे केला.

"बरोबर हाय का?"

वैशालीने घोट घेतला. "बरोबर हाय," ती म्हणाली.